लेयर (छायाचित्र संपादन)

छायाचित्र-संपादनाच्या आज्ञावलीत चित्राचे घटक आणि त्यांवर केलेले बदल वेगवेगळे ठेवून एकावर एक रचता येतात, आणि पडद्यावर मात्र त्यांचे एकसंध चित्र दिसते. या रचनेतील प्रत्येक स्वतंत्र थराला लेयर म्हणतात. ‘थर’ आणि ‘स्तर’ हे मराठी शब्द हाताशी असले, तरी काम करणाऱ्यांच्या तोंडी लेयर हाच शब्द रुळला आहे. फोटोशॉप, गिम्प, क्रिटा, ॲफिनिटी फोटो अशा बहुतेक आज्ञावलींत लेयरची यादी पडद्याच्या एका कडेला दिसते आणि यादीत जो वर असतो तोच चित्रातही वर असतो.

लेयर समजावताना एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांचा दाखला हमखास दिला जातो. पहिल्या दिवशी तो उपयोगी पडतो, पण पुढे दिशाभूल करतो. कागदावर रंग असावाच लागतो. लेयरमध्ये एकही रंगीत ठिपका नसून ‘खाली जे आहे ते थोडे उजळ कर’ एवढी सूचनाच असू शकते. त्यामुळे लेयरची चळत म्हणजे खालून वर सोडवत नेलेल्या गणिताच्या पायऱ्या समजणे अधिक बरोबर ठरते. मधली एक पायरी बदलली की तिच्या वरचे सारे उत्तर आपोआप बदलते, आणि लेयरचा खरा फायदा यातच आहे.

या गणिताचा पाया फोटोशॉपपेक्षा जुना आहे. प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्याच्या, लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांसोबत त्याची अपारदर्शकताही साठवण्याची, म्हणजे अल्फा चॅनेलची, कल्पना संगणक-चित्रणाचे संशोधक एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली, तर अशा प्रतिमा एकमेकींवर ठेवण्याचे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये सूत्रबद्ध केले. १९९० च्या पहिल्या फोटोशॉपमध्ये लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा त्याची निवड (सिलेक्शन) सोडताच मूळ चित्रात कायमचा मिसळून जाई. १९९४ च्या ३.० आवृत्तीत लेयर आले आणि १९९६ च्या ४.० आवृत्तीत ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे फक्त सूचना बाळगणारे लेयर, मिळाले.

दोन लेयर एकत्र कसे येतात हे एका पिक्सेलवर पाहता येते. मूल्य ० (काळे) ते २५५ (पांढरे) या मापात खालच्याचे १०० आणि वरच्याचे २०० असेल, तर पूर्ण अपारदर्शक वरचा लेयर २०० दाखवतो आणि अपारदर्शकता ५० टक्क्यांवर आणली की १५० दिसते. ५० टक्क्यांचे दोन लेयर मिळून खालचे चित्र पूर्ण झाकतील अशी नवशिक्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ७५ टक्केच झाकले जाते, कारण दुसरा लेयर पहिल्यातून उरलेल्या निम्म्याचाच निम्मा भाग अडवतो. ब्लेंड मोड, म्हणजे लेयर खालच्यात मिसळण्याची पद्धत, बदलला की सूत्रच बदलते. मल्टिप्लाय मोडमध्ये दोन मूल्यांचा गुणाकार करून त्याला २५५ ने भागतात, म्हणून वरील जोडीचे उत्तर ७८ येते. पांढरा रंग यात नाहीसा होतो, त्यामुळे पांढऱ्या कागदावरची शाईची सही छायाचित्रावर आणायला कापाकापी करावी लागत नाही. स्क्रीन मोड नेमका उलटा असून त्यात काळे नाहीसे होते. बाकीचे मोड यादीत पुष्कळ असले, तरी रोजच्या कामात चार-पाचच लागतात.

मास्क ही लेयरसोबतची करड्या छटांची प्रतिमा असते. तिच्यात पांढरे असेल तेथे लेयर दिसतो, काळे असेल तेथे लपतो आणि मधल्या छटांत अंशतः दिसतो. खोडरबराने पुसलेले पिक्सेल जातात, मास्कने लपवलेले परत आणता येतात. समजा, आकाश फार उजळ आले आहे. त्यावर कर्व्हजचा (उजळ-गडदपणा बदलणारा) ॲडजस्टमेंट लेयर घेऊन ते गडद केले आणि क्षितिजापाशी विरत जाणारा ग्रेडियंट, म्हणजे पांढऱ्यातून काळ्यात जाणारा छटांचा पट्टा, मास्कवर ओढला, तर आकाश सावरते, पण आकाशात शिरलेले झाडांचे शेंडेही काळवंडतात. मग मऊ कडेचा काळा ब्रश कमी अपारदर्शकतेवर ठेवून मास्कवर शेंड्यांवरून फिरवायचा. जास्त फिरला तर पांढरा रंग घेऊन तेवढाच भाग परत भरायचा. मूळ छायाचित्राला या साऱ्यात हात लागत नाही.

लेयरचा क्रम चुकल्याचा त्रास सर्वाधिक होतो तो डाग काढताना. चेहऱ्यावरचा डाग रिकाम्या नव्या लेयरवर हीलिंग ब्रशने, म्हणजे चित्रातीलच चांगल्या भागाचा नमुना उचलून, झाकणे ही चांगली सवय आहे. पण तो लेयर ॲडजस्टमेंट लेयरच्या वर ठेवला, तर ब्रश उजळलेली त्वचा उचलतो आणि पुढे उजळपणा कमी करताच झाकलेली जागा ठिगळासारखी उठून दिसते. म्हणून दुरुस्तीचा लेयर मूळ चित्राच्या लगेच वर असावा आणि ब्रशला नमुना ‘सध्याच्या व खालच्या’ लेयरमधूनच घेऊ द्यावा. ‘सर्व लेयर’ हा पर्याय निवडल्यास वरच्या ॲडजस्टमेंट लेयरचा बदल त्याच जागी दोनदा लागतो. प्रत्येक टप्प्याला सगळे लेयर एकत्र करून त्याची प्रत वर ठेवण्याची सवयही याच कारणाने महागात पडते, कारण त्या प्रतीखालचा कोणताही बदल वर पोहोचतच नाही.

अशा प्रतींनी फाइलही फुगते. ६००० × ४००० पिक्सेलचा, प्रत्येक रंगाला ८ बिट असलेला एक भरलेला लेयर अल्फाशिवाय सुमारे ७२ मेगाबाइट स्मृती घेतो, १६ बिटला त्याच्या दुप्पट. ॲडजस्टमेंट लेयरची सूचना त्यापुढे नगण्य असते, मास्क असेल तर त्याचेच काय ते वजन. फोटोशॉपच्या स्वतःच्या पीएसडी फाइलला दर बाजूस ३०,००० पिक्सेल आणि २ गिगाबाइट अशी मर्यादा आहे. त्यापुढे मोठ्या चित्रांसाठीची पीएसबी फाइल वापरावी लागते. गिम्पची स्वतःची फाइल एक्ससीएफ असते. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत आणि पारदर्शकताही राहत नाही. पीएनजीमध्ये पारदर्शकता टिकते, पण लेयर नाहीत. म्हणून पाठवायची जेपेग प्रत वेगळी काढतात आणि लेयर असलेली मूळ फाइल तशीच जपून ठेवतात, शक्यतो लेयरना नावे देऊन. ‘लेयर ७ ची प्रत २’ म्हणजे काय, हे सहा महिन्यांनी ती करणाऱ्यालाही सांगता येत नाही.