चालता चालता मध्येच बंद पडणाऱ्या जुन्या गाडीविषयी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जी गाडी सुरूच होत नाही तिची दुरुस्ती तुलनेने सोपी असते, कारण दोष समोर असतो आणि मिस्त्री त्याला हात लावू शकतो. भर रस्त्यात बंद पडणारी, वीस मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होणारी आणि आमच्या दारात येईपर्यंत एकदाही न अडखळणारी गाडी मात्र मालकाचा आणि मिस्त्रीचा, दोघांचाही अंत पाहते. अशा गाड्या आमच्याकडे वर्षभर येतात, एप्रिल-मे महिन्यांत अधिक येतात, आणि बहुतेकींचे प्लग, फिल्टर, स्पार्कसाठी करंटचा दाब वाढवणारी कॉइल, क्वचित पेट्रोल पंपसुद्धा आधीच बदललेला असतो. दोष तेवढा जागच्या जागी असतो. तो का सापडत नाही, आम्ही तो कसा शोधतो आणि त्या कामी आपला हातभार कोठे लागतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यामुळे सुस्थितीतील जुनी गाडी ठेवण्यात गैर काही नाही. सोलापुरात अनेक घरी रोजच्या कामाला दुचाकी असते आणि मोटार अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर किंवा गाणगापूरला जायचे असेल तेव्हाच शेडमधून निघते. नेमके हे उभे राहणेच जुन्या गाडीला बाधते. अर्ध्याहून रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते, वायरींवरचे प्लास्टिक उन्हाने कडक होऊन तडकते, बॉनेटखाली उंदीर संसार थाटतात, आणि मग वर्षातून चार वेळा निघणारी गाडी चारपैकी दोनदा रस्त्यात थांबते.

गाडी नेमकी कशी बंद पडली?

आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. दिव्याचे बटण दाबल्यासारखे इंजिन एका क्षणात गप्प झाले असेल तर संशय करंटच्या बाजूला जातो; आधी पिकअप गेला, गाडीने झटके खाल्ले, ॲक्सिलरेटर दाबूनही ती ओढेना आणि मग बंद पडली, तर पेट्रोलच्या बाजूला. हा काही अटळ नियम नव्हे, पण शोधाची सुरुवात कोठून करायची हे त्यावरून ठरते. ज्या गाड्यांत आरपीएमचा काटा आहे तेथे आणखी एक खूण मिळते. गाडी गिअरमध्ये असून चाकांच्या जोरावर इंजिन अजून फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनचा पुरवठा किंवा क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरते आहे हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागाचा) संकेत तुटला असण्याचा संभव मोठा असतो; काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश खाली आला, तर स्पार्क चालू असून पेट्रोल कमी पडले असावे. डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे त्या क्षणी विझले असतील तर इंजिनात काही शोधण्याआधी बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि इग्निशन स्विच पाहावे लागतात.

म्हणून आपल्याला विनंती आहे की गाडी बंद पडली की एका कागदावर काही गोष्टी टिपून ठेवाव्यात : किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, वेग किती होता, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होते, खड्डा किंवा गतिरोधक नुकताच गेला होता का, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली. ‘कधीही बंद पडते’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही चहा देऊन पुन्हा पहिल्यापासून विचारतो, आणि बहुतेक वेळा असे निघते की गाडी कधीही नव्हे, तर दुपारीच आणि तीसेक किलोमीटर झाल्यावरच बंद पडते.

ऊन, पेट्रोल आणि टाकी

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जातो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ जास्त उष्णता असते. पेट्रोलमधील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असून तो टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. त्या ओढीमुळे पाइपमध्ये वाफ धरली की पंप नुसती वाफ ढकलत राहतो आणि गाडी मरते. पंपावर आणि पाइपवर ओले फडके ठेवून दहा-पंधरा मिनिटांत ती सुरू झाली तर निदान बरेचसे झाले असे समजावे. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत, मात्र पंप टाकीच्या आत असतो आणि तो साधारण तीन बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे तेथे वाफ सहसा धरत नाही. तरीही एमपीएफआय गाडी उन्हात बंद पडली की ‘वाफ धरली’ असे सांगून ग्राहकाची समजूत काढली जाते. तसे कोणी सांगितल्यास दाब मोजून पाहिला का, एवढे अवश्य विचारावे.

टाकीतल्या पंपाला थंड ठेवण्याचे काम त्याच्याभोवतीचे पेट्रोलच करते. दर वेळी पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून काटा कायम तळाशी ठेवला तर पंप तापतो, थकतो आणि एके दिवशी लांबच्या प्रवासात दम टाकतो. उन्हाळ्यात टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नये, ही आमची सूचना पंपाच्या किमतीकडे पाहून केलेली आहे.

टाकीच्या झाकणाकडे फारसे कोणी पाहत नाही. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरावी लागते. जुन्या गाड्यांत ती वाट झाकणातच असते, नंतरच्या गाड्यांत कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याच्या) नळीतून असते. धुळीने ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी ओढेनाशी होते. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत खेचली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो आणि त्यानंतर गाडी लगेच चालू लागते. (झाकण उघडताना जवळ विडी-सिगारेट नको, हे सांगायला नको, तरी सांगतो.) आवाज आला होता हे आम्हांला सांगितले तर आपले बरेच पैसे वाचतील.

टाकीतला कचराही असाच चकवतो. एका गाडीचा पंप आम्ही बाहेर काढला तेव्हा जाळीपाशी नखाएवढा चंदेरी कागदाचा तुकडा निघाला. इंजेक्टर साफ करण्याच्या औषधाच्या बाटलीच्या तोंडावर असतो तोच तो कागद, बाटली घाईने फोडून ओतताना टाकीत गेलेला. पंप चालू असला की तो ओढीने जाळीला चिकटत असे, इंजिन बंद झाले की सुटून तरंगत असे, आणि गाडी परत ‘आपोआप’ बरी होत असे. गंजाचे पापुद्रेही हेच करतात.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविषयी आता रोज विचारणा होते. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या नव्या गाड्यांचे रबरी व प्लास्टिक भाग वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे बनवले जातात. कार्बोरेटरच्या जमान्यातील पाइप आणि पंपातले रबरी पडदे तसे नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी धरते आणि टाकीत बसलेला जुना थर सुटा करते. म्हणून जुन्या गाडीचे पाइप बदलून घेणे व फिल्टर लवकर पाहणे शहाणपणाचे आहे, पण गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडणे आम्हांला मान्य नाही.

करंट तुटतो तेव्हा

येथे एक प्रकरण सविस्तर सांगणे योग्य वाटते. चौदा वर्षांची एक छोटी पेट्रोल मोटार दर गुरुवारी अक्कलकोटला जात असे आणि वळसंगच्या आसपास बंद पडत असे. पेट्रोल पुढे येत नाही असे दिसल्यामुळे अन्यत्र आधी तिचा पंप आणि मग पंपाचा रिले (त्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलला होता. आम्ही पंपाच्या वायरीवर एक आणि कॉइलच्या पुरवठ्यावर एक असे दोन छोटे दिवे जोडून ते लांब वायरीने डॅशबोर्डवर चिकटवले, पेट्रोलच्या दाबाचा गेज काचेबाहेर वायपरखाली बांधला आणि गाडी उन्हात फिरवली. दोन फेऱ्यांत काहीच झाले नाही. तिसऱ्या फेरीत गाडी बंद पडली तेव्हा कॉइलचा दिवा जळत होता आणि पंपाचा विझला होता. एवढ्यावरून कोणीही पंपाच्या वायरिंगच्या मागे लागला असता. पण इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळेनासा झाला की गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच पंप बंद करतो, म्हणून सेल्फ मारत असताना स्कॅनरवर आरपीएम पाहिले. इंजिन फिरत होते आणि स्कॅनर शून्य दाखवत होता. क्रँक सेन्सर गरम असताना मोजला तर त्याच्या आतली तार पूर्ण तुटलेली दिसत होती. ओले फडके ठेवून तो निवल्यावर त्यानेच काहीशे ओहम दाखवले आणि गाडी सुरू झाली. पंपाने काम थांबवले होते खरे, पण तो परिणाम होता, कारण नव्हे.

इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधील मॉड्यूल आणि जुन्या पॉइंटच्या गाड्यांतील कंडेन्सर हेही तापल्यावर दगा देऊन निवल्यावर ठीक होणाऱ्यांपैकीच आहेत. रिलेच्या आतल्या डागाला, म्हणजे सोल्डर केलेल्या जोडाला, केसाएवढी चीर असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यावर हलकेच टिचकी मारल्यावर इंजिन बंद किंवा चालू झाले तर चोर सापडला. त्याहून साधे कारण म्हणजे चावी. घर, दुकान आणि गोदाम यांच्या किल्ल्या व वर पितळी देवाचे कीचेन असा जुडगा वर्षानुवर्षे लोंबकळला की इग्निशन स्विचची आतली पट्टी झिजते आणि खड्ड्यात गाडी बंद पडते. गाडीची चावी वेगळी ठेवावी. देव डॅशबोर्डवर बसवावा.

बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन ते बॉडी अशी जाणारी अर्थिंगची पट्टी आम्ही प्रत्येक गाडीत मोजतोच. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग बिघडले आहे असे आम्ही धरतो. बाहेरून बसवलेला गॅस किट, सायरन किंवा चोरस्विच असेल तर कृपया न विचारता सांगावे, कारण त्यांचे जोड बहुधा इग्निशनच्याच वायरीत असतात आणि उन्हाने चिकटपट्टीचा गोंद वितळून ते उघडे पडतात.

सिग्नलला उभी असतानाच बंद पडणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे असते. तेथे थ्रॉटलमध्ये साचलेला कार्बन, स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनाची मंद गती) सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा तडकलेला व्हॅक्यूम पाइप पाहतो; बहुतेकदा काम तासाभरात होते.

जुन्या डिझेल गाडीत स्पार्कचा प्रश्नच नसतो. ती एअर घेते आहे का, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरते आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप जोडतो. त्यात बुडबुडे दिसले की सांधे एकेक करून तपासायचे. फिल्टरमधील पाणी आणि पंपावरील स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) सैल वायर, ही आणखी दोन नेहमीची कारणे होत.

रस्त्यात गाडी बंद पडली तर

स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरेल, म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच नीट दाबून गाडी डाव्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, अन्यथा स्टिअरिंग लॉक होऊ शकते. चारही इंडिकेटर लावून, त्रिकोण मागे ठेवून माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. तुळजापूरच्या घाटात किंवा पुणे महामार्गावरील पुलावर बंद पडलेल्या गाडीचे बॉनेट उघडून दोष शोधत बसू नये.

आमच्याकडे गाडी आणताना

इंजिन धुऊन आणू नये आणि बॅटरीची वायर काढू नये, कारण कॉम्प्युटरात साठलेला दोषाचा कोड त्यामुळे पुसला जाऊ शकतो. स्कॅनर लावला म्हणजे सगळे कळते असेही नाही. २०१० पूर्वीच्या अनेक गाड्यांत तो फार थोडे सांगतो आणि क्षणभर तुटलेल्या जोडाची नोंद नव्या गाड्यांतही कित्येकदा होत नाही.

अशी गाडी आम्ही किमान दोन दिवस ठेवून घेतो आणि टाकी निम्मी भरलेली असावी अशी अपेक्षा ठेवतो. तपासणीचे शुल्क वेगळे असते व ते आधी सांगितले जाते. काही ग्राहकांना ते खटकते, पण अंदाजाने बदललेल्या तीन सुट्या भागांपेक्षा ते स्वस्तच पडते, असा आमचा अनुभव आहे. एका वेळी एकच भाग, तोही आपल्याला फोन करून बदलला जातो आणि जुना भाग परत दिला जातो. त्या दोन दिवसांत दोष दिसलाच नाही, तर काहीही न बदलता केवळ तपासणीचे शुल्क घेऊन गाडी परत करतो आणि तपासणीसाठी डॅशबोर्डवर लावलेले, पंपाचा आणि कॉइलचा असे ते दोन छोटे दिवे तसेच राहू देतो. पुढच्या खेपेला गाडी बंद पडली की चावी बंद करण्यापूर्वी कोणता दिवा जळत होता आणि कोणता विझला होता, तेवढे फोनवर कळवावे.