गोन्सालो गार्सिया, संत : (सण)

वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संन्यस्त संघाचे) हुतात्मे आणि मुंबई महाधर्मप्रांताचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–१५९७) यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारा कॅथलिक सण. जपानमध्ये तेथील तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकमाने क्योतो येथे अटकेतील ख्रिस्ती कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला; पुढे ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर ठार केले. गोन्सालो त्यांपैकी एक. १६२७ मध्ये त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले व ८ जून १८६२ रोजी नवव्या पायस पोपने संत घोषित केले.

हौतात्म्यदिन निश्चित असला, तरी सणाची तारीख एक नाही. ५ फेब्रुवारी हा संत अगाथा यांचा दिवस असल्याने रोमन दिनदर्शिकेत या हुतात्म्यांचे स्मरण ६ तारखेला येते. वसईचा सोहळा मात्र नाताळनंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या लगतच्या रविवारी करण्याची प्रथा नोंदलेली आहे. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), मिरवणूक वगैरे इतर सणांप्रमाणेच.

त्यांच्या कुळाचा वाद जुना आहे. वडील पोर्तुगीज व आई वसईकडील स्थानिक स्त्री, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. ते पूर्ण पोर्तुगीज होते, असेही काहींनी मांडले. या प्रश्नाची सर्वांत तपशीलवार चर्चा वसईत नव्हे, ब्राझीलमध्ये झाली. रेसिफे येथील मिश्रवर्णीयांनी १७४५ मध्ये त्यांना ‘आपल्या वर्णाचा संत’ म्हणून थाटाने पुजले. मिश्रवर्णीय माणूस संतपदाला पोहोचू शकतो का, या शंकेला फ्रान्सिस्कन विद्वान झाबोआतांव यांनी त्या सोहळ्यातील प्रवचनात वंशावळ व भूगोल यांच्या आधारे उत्तर दिले; ते १७५१ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. प्रवचनाचा हेतू उघड असल्याने पुरावा म्हणून ते जपून वापरावे लागते. तथापि स्थानिक मातेचा पक्षच अधिक ग्राह्य वाटतो.

वसई किल्ल्यातील त्यांच्या नावाचे चर्च मूळचे जेझुइटांचे (येशूसंघ या दुसऱ्या कॅथलिक संन्यस्त संघाचे). तरुणपणी गोन्सालो जेझुइटांच्याच सेवेत जपानला गेले होते. फ्रान्सिस्कन झाले ते नंतर, मनिलात, आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांचे संत अँथनी चर्च मात्र भग्नावस्थेत आहे. किल्ल्याबाहेर गास येथील चर्चही गोन्सालो यांच्या नावाने ओळखले जाते.