नळाचा पाइप गोठणे

कडाक्याच्या थंडीत घरातल्या पाइपमध्ये पाण्याचा बर्फ होऊन नळ बंद पडतो आणि कित्येकदा पाइप फुटतो. पुण्यात हा त्रास नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेतला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश सेल्सिअस. म्हणजे शून्याच्या वरच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यात आले ते मात्र नळ गोठणाऱ्या शिमल्याहून. ‘शिमला ऑफिस’ हे नाव शिवाजीनगरच्या चौकाला अजून आहे. पुणेकराची या विषयाशी गाठ पडते ती हिवाळ्यात लेह-श्रीनगरला गेल्यावर, किंवा नोकरी-शिक्षणासाठी थंड देशात घर केल्यावर.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. तरी पाइप बहुधा बर्फ धरलेल्या जागी फुटत नाही. बर्फाचे बूच वाढत जाते, तसा ते बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि शेवटी कुठलातरी कमजोर सांधा उसवतो. म्हणून फार थंड रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवतात. खडकवासल्यात किती टीएमसी पाणी उरले ते पेपरात वाचणाऱ्या, ठिबकता नळ ऐकला की रात्री उठून घट्ट करणाऱ्या माणसाच्या हे जिवावर येते. तरीही धार सोडावीच. त्याने दाबाला वाट मिळते; फुटलेला पाइप रात्रभरात त्याच्या कैक पट पाणी घालवतो, वर घर भिजते ते वेगळेच.

दुसरा उपाय पाइपला फोमची नळी चढवण्याचा. पुण्यात गच्चीवरच्या सोलरच्या गरम पाइपवर दिसते तशीच ही नळी. ती असूनही सकाळी नळ सोडला की आधी गारच पाणी येते, कारण रात्रभर पाइपात थांबलेले पाणी निवतेच. फोम ऊब देत नाही, असलेली ऊब सावकाश जाऊ देतो. त्यामुळे दिवसेंदिवस पारा शून्याखाली राहतो तिथे नुसत्या फोमवर विसंबू नये. विजेवर तापणारी पट्टी पाइपला गुंडाळतात, किंवा जमीन गोठते त्याहून खोल पाइप पुरतात. घर बंद ठेवून जायचे असेल तर मुख्य कॉक बंद करून सगळे नळ उघडावेत आणि पाइप रिकामे करावेत.

पाइप गोठलाच तर आधी नळ उघडावा. मग नळापासून मागे सरकत गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे किंवा हेअर ड्रायर फिरवावा. जाळ कधीच धरू नये. एकाने मुख्य कॉकजवळ थांबावे. पाइपला चीर गेली असली तरी बर्फ असेपर्यंत ती कळत नाही, तो वितळल्यावरच गळू लागते.