ऑक्सिजनचा आकडा वेगळा, नाडीचा वेगळा

सांगली-मिरजेत छातीच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "आप्पांचा ऑक्सिजन 112 दाखवतोय, चांगला आहे ना?" बोटाला लावायचं मशीन, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, दोन आकडे दाखवतं: रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी. ऑक्सिजन शंभराच्या वर जातच नाही, तो टक्का आहे. 112 ही नाडी, मिनिटातले ठोके. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

खरा घोळ पुढे आहे. नाडी वाढली म्हणजे ऑक्सिजन उतरला, असं घरोघरी धरून चालतात. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ नेब्युलायझर मशीनने घेतली की नाडी वाढते, हातही थरथरतात. हा औषधाचा परिणाम. समजा, आप्पांची नाडी 88 वरून 112 झाली, पण ऑक्सिजन 91 वर जागच्या जागी आहे. लगेच मुलगा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरी ऑक्सिजन देणारं यंत्र, मिनिटाला 1 लिटरवरून 3 वर नेतो. असं कृपा करून करू नका! सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. डोकं दुखतं, माणूस गुंगीत जातो, आणि बोटाचं मशीन मात्र 98 दाखवत राहतं, कारण कार्बन डायऑक्साइड त्याला मोजताच येत नाही. म्हणूनच अशा रुग्णांसाठी डॉक्टर 88 ते 92 एवढंच लक्ष्य ठेवतात. नातवाच्या बोटावर 98 आलं म्हणून आजोबांचंही तेवढंच हवं, हा हट्ट मला अजिबात मान्य नाही. लिटर डॉक्टरांनी ठरवायचे.

उलटंही खरं आहे. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे नाडी 70 दिसली म्हणून ऑक्सिजनकडे काणाडोळा नको.

नाडीच्या आकड्याचा एक उपयोग मात्र कुणी करत नाही. मनगटावर मिनिटभर ठोके मोजा. मशीनच्या आकड्याशी मेळ बसत नसेल, तर शेजारचा ऑक्सिजनचा आकडाही धरू नका, कारण मशीन दोन्ही आकडे बोटातल्या त्याच ठोक्यांवरून काढतं. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे बोटं गारठतात, तेव्हा हे हमखास होतं. हात चोळून ऊब आणा, नेलपॉलिश काढा, पाच मिनिटं बसा, आकडा स्थिरावू द्या. स्मार्टवॉचवर तर मी मुळीच विसंबणार नाही.

ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीखाली टिकून राहिला, ओठ निळसर पडले किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.