शिकता शिकता धंदा: ‘स्टार्टअप’च्या व्याख्येत न बसलेली मुलं

कॉलेजात असताना धंदा करणं आपल्याकडे नवीन नाही. दिवाळीच्या तोंडावर कामट्या तासून आकाशकंदील करणारी, सुटलेल्या वर्षाची पुस्तकं घेऊन ती नव्या बॅचला निम्म्या किमतीत देणारी मुलं प्रत्येक गावात होती. साताऱ्यातल्या बोर्डिंगपासून रुजलेली ‘कमवा व शिका’ची परंपरा तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्यात मूल राबायचं आणि त्या कष्टातून जेवण-फी भागायची. नफा-तोटा त्याच्या नावावर नसायचा. पुढची कित्येक दशकं स्वतःचा धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याची कुणी वेगळी दखल घेतली नाही, आणि अडवलंही नाही. अडचण एकच, वयाची. १८७२चा करार कायदा अठरा वर्षांखालच्याचा करार मानत नाही. म्हणून पहिल्या वर्षाला बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचा गाळा आणि बँकेतलं खातं वडिलांच्या नाहीतर मामाच्या नावावर असायचं.

चित्र बदललं ते २०१६ मध्ये. जानेवारीत केंद्राची स्टार्टअप योजना जाहीर झाली आणि फेब्रुवारीच्या अधिसूचनेने ‘स्टार्टअप’ची व्याख्या ठरली. नोंदणीपासून पाच वर्षांच्या आतली आणि २५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल नसलेली संस्था, असे तिचे मूळ निकष. २०१७ मध्ये मुदत सात वर्षांवर गेली आणि इनक्युबेटरच्या, म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राच्या, शिफारसपत्राची अट निघाली. २०१९ मध्ये मुदत दहा वर्षं आणि मर्यादा १०० कोटी झाली. या सवलतींवर तेव्हा भरपूर लिहून आलं.

ज्यावर पुरेसं लिहिलं गेलं नाही ते एक कलम या तिन्ही वेळा जागचं हललं नाही. मान्यता मिळायची ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) किंवा नोंदणीकृत भागीदारीला. एकल मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, व्याख्येत नाही. बहुतेक विद्यार्थी धंदा सुरू करतात तो याच स्वरूपात. एकच पोरगी, तिचंच पॅन, तिचंच खातं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात वादग्रस्त निर्णय हाच आहे, आणि तो चुकलेला आहे.

माझ्या ओळखीतली एक मुलगी त्या काळात टीवाय बीकॉमला होती. आईच्या हातच्या भाजणीच्या चकल्या ती हॉस्टेलमध्ये विकायची. अर्ध्या किलोची पिशवी, वर हाताने तारीख लिहिलेली चिठ्ठी, स्टेपलरची एक पिन. मागणी वाढली तशी तिने सगळं रीतसर केलं. अन्नपदार्थांची छोटी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली. शॉप ॲक्टचा नवा कायदा डिसेंबर २०१७ पासून लागू झाला होता. त्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरायची, तीही तिने दिली. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आला. मग ती कॉलेजच्या नवउद्योग कक्षात गेली. फॉर्ममध्ये कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचा रकाना होता. तो रिकामा पाहून सर म्हणाले, “आधी प्रायव्हेट लिमिटेड कर, मग ये.”

हा सल्ला त्या वर्षांत असंख्य मुलांना मिळाला. २०१५ मध्ये किमान एक लाखाच्या भांडवलाची अट गेल्यामुळे कंपनी काढणं खरोखर सोपं झालं होतं. चालवणं मात्र सोपं नव्हतं. रुपयाचीही विक्री नसली तरी ऑडिट लागतं. ओपीसी, म्हणजे एकट्याच्या मालकीची कंपनी काढली, तरी ऑडिट सुटत नाही. दरवर्षीची विवरणपत्रं चुकली की जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षं ती भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. सप्टेंबर २०१७ मध्ये असे लाखाहून अधिक संचालक एका झटक्यात अपात्र ठरले. कंपनी बंद करायची तरी २०१९ पासून त्याची फी १०,००० रुपये. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या मुलाला सेकंड इयरच्या उत्साहात काढलेली कंपनी आठवते ती नोटीस आल्यावर.

२०१९ च्याच सप्टेंबरमध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आलं. त्यात विद्यार्थ्यांच्या मनातलं बरंच होतं: हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसू देणं, सत्राची किंवा वर्षाची सुट्टी, कंपनीच्या नोंदणीला संस्थेचा पत्ता, प्रोजेक्टच्या जागी स्वतःचा उद्योग. बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. संस्थेची साधनं न वापरता आणि अभ्यासक्रमाबाहेर काही घडवलं, तर त्याची मालकी पूर्णपणे विद्यार्थ्याची, हेही स्पष्ट लिहिलं आहे. हे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने सही करण्याआधी वाचावं. हजेरीची सवलत मात्र ‘योग्य परवानगीने’ आहे, आणि ती परवानगी विभागप्रमुखांच्या टेबलावर अडते. पंचाहत्तर टक्क्यांचा आकडा तिथे अजून पक्का आहे.

त्याच सुमारास नवोपक्रमांच्या क्रमवारीत संस्थांचे गुण मोजले जाऊ लागले आणि ‘आपल्याकडे किती स्टार्टअप’ हा आकडा महत्त्वाचा झाला. १ जुलै २०२० पासूनच्या उद्यम नोंदणीने निदान एक दार उघडलं. ती फुकट आहे, आधार-पॅनवर होते आणि तिथे एकल मालकी चालते. चकलीवालीने ती नोंदणी केली. आता तिच्याकडे कामाला चार बायका आहेत. तिच्या कॉलेजच्या स्टार्टअपच्या यादीत तिचं नाव कधी आलं नाही. त्या यादीतल्या ज्या दोन कंपन्यांची मला माहिती आहे, त्यांनी एकही विक्री केलेली नाही.