मराठी ख्रिस्ती गृहिणीचे धर्माचरण

घरातील रोजची कामे आणि ख्रिस्ती उपासना एकाच दिनक्रमात सांभाळण्याची, महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांत मुख्यतः स्त्रियांनी चालवलेली रीत. वसई आणि मुंबईची गावठाणे येथील कॅथलिक घरे, तसेच अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर, पुणे या भागांतील प्रोटेस्टंट घरे असे तिचे दोन ठळक प्रवाह दिसतात. चर्चमधील विधी धर्मगुरू किंवा पाळक चालवतो. परंतु मुलाला पहिली प्रार्थना शिकवणे, उपासाचे दिवस लक्षात ठेवून त्याप्रमाणे चूल चालवणे, आजाऱ्याच्या उशाशी बसून स्तोत्र म्हणणे आणि सणाचा वाटा शेजारी पोहोचवणे ही कामे घरातील बाई करते. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास मिशन, शाळा आणि ग्रंथ यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या मानाने स्वयंपाकघराकडे फार थोडे लक्ष गेले, आणि ही उणीव मोठी आहे, कारण धर्मांतराचे सर्वांत अवघड प्रश्न सुटले ते तिथेच.

या आचरणाला बायबलमध्ये भक्कम आधार आहे. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील शेवटच्या २२ ओळींत सद्गुणी स्त्रीचे वर्णन येते. मूळ हिब्रूत त्या ओळी २२ मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या आहेत. विवाहाच्या उपासनेत हा उतारा आवडीने वाचला जातो. मात्र त्यातील स्त्री केवळ पहाटे उठून घरच्यांना जेवू घालणारी नाही, ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते आणि विणलेली वस्त्रे विकते, याकडे प्रवचनांत सहसा काणाडोळा होतो. येशूच्या दाखल्यांतही (बोधकथांतही) घरकाम पावलोपावली भेटते. पिठात खमीर कालवणारी बाई देवाच्या राज्याचे स्वरूप सांगते, तर हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई देवाचा शोध कसा असतो ते दाखवते. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात पाहिले. याफो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस विधवांसाठी कपडे शिवत असे. पुढे चर्चमधील अनेक शिवणमंडळांनी तिचेच नाव घेतले.

सर्वाधिक चर्चा झाली ती मार्था आणि मरीया या बहिणींची. लूकच्या शुभवर्तमानात (येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकात) मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकते, मार्था पाहुणचारात गुंतून कुरकुरते आणि येशू मरीयेची निवड चांगली ठरवतो. या प्रसंगावरून घरकाम कमी दर्जाचे आणि ध्यान वरच्या दर्जाचे असा अर्थ काढणे सोपे असले तरी ते पुरेसे नाही. योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ लाजर वारलेला असताना येशूला सामोरी जाऊन ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ अशी स्पष्ट कबुली देणारी मार्थाच आहे. आणि त्यानंतरच्या भोजनाच्या वेळी ती पुन्हा वाढण्याचे काम करते, तेव्हा तिला कोणी बोल लावत नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत तेरेसा यांनी आपल्या मठभगिनींना प्रभू स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांतही वावरतो असे बजावले होते, ते याच वाटेने जाणारे आहे. घरकाम श्रद्धेच्या आड येत नाही. घाई आणि त्रागा आड येतो, असा अर्थ मूळ वचनांना अधिक धरून आहे.

प्रोटेस्टंट प्रवाहात या आचरणाचा पाया वाचन हा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले आणि १८४२ मध्ये तेथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आल्या आणि प्रथम मुंबईत व नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे हा प्रोटेस्टंट आग्रह असल्यामुळे, ज्या काळात मुलींनी अक्षर गिरवणे अशुभ मानले जाई त्या काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतील मुलींच्या हाती पुस्तक आले. शिकलेल्या काही स्त्रिया गावोगावी घरांत जाऊन इतर बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवत. जिथे पुरुष उपदेशकाला उंबरा ओलांडता येत नसे, तिथे त्या थेट चुलीपर्यंत पोहोचत.

यातूनच कौटुंबिक उपासनेची रीत रुजली. रात्रीची भांडी आवरली की घरातील माणसे एकत्र बसतात, एक गीत होते, बायबलचा उतारा वाचला जातो आणि प्रार्थना होते. नवशिक्या मुलाकडे वाचन दिले जाते आणि अडखळलेला शब्द आई पाठ असल्यामुळे न पाहता सांगते. प्रार्थनेत आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, नोकरीच्या शोधात असलेल्यांची नावे एकेक करून घेतली जातात. ही यादी बाईच्या डोक्यात असते आणि एखादे नाव गळले तर तीच आठवण करून देते. गीतांचा मोठा ठेवा रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी दिला. अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने रचलेली त्यांची गीते पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांपेक्षा घरात लवकर रुळली, कारण काम करता करता ती म्हणता येत.

जातीचा प्रश्न मात्र गीतांनी सुटण्यासारखा नव्हता. अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. प्रभुभोजनात (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत) सर्वांनी एकाच भाकरीत आणि प्याल्यात सहभागी व्हायचे असल्याने पाण्याचा, ताटाचा आणि चुलीचा विटाळ मनातून काढल्याशिवाय ख्रिस्ती होणे पुरे होत नसे. आणि घरचे सोवळे सांभाळण्याची जबाबदारी पिढ्यान्पिढ्या स्त्रीवर असल्यामुळे ते सोडण्याचा भारही तिच्यावरच पडला. टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पतीकडे आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला होता. माणूस देवाने केला, जात माणसाने केली, हा विचार मनाला पटल्यावर त्यांनी आधी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे त्यांच्या घरात अनाथ मुले आणि पाहुणे यांचा राबता राहिला, आणि बेताच्या मिळकतीत तो निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे लिहून ठेवल्यामुळे एका ख्रिस्ती मराठी घराचा आतला व्यवहार आज कळतो. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनीच पूर्णत्वास नेले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रजी राहणी घेण्याची गरज नाही, हे त्यांनी ताटातून दाखवले. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात १८९६ नंतरच्या दुष्काळांत शेकडो निराधार स्त्रिया व मुली आल्या. दळण, स्वयंपाक, विणकाम, शेती, दुभती जनावरे आणि छापखाना ही तेथील कामे त्या स्त्रियाच करत आणि कामाइतकेच प्रार्थनेलाही दिवसात ठरलेले स्थान असे. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. विधवेचे घरातील कष्ट बिनमोलाचे मानणाऱ्या समाजात त्याच कष्टांना कौशल्याची आणि उपजीविकेची प्रतिष्ठा मिळाली, हे मुक्ती सदनाचे फार मोठे काम होय.

कॅथलिक प्रवाह याहून जुना आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली तरी तेथील सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी आदी समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी धर्म आणि बोली दोन्ही टिकवल्या. येथे आचरणाचा कणा वाचनापेक्षा जपमाळ हा राहिला. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की हातातले काम थांबते. रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर घरच्या वेदीपुढे मेणबत्ती लावून माळ म्हटली जाते. एकीने पूर्वार्ध म्हणायचा आणि बाकीच्यांनी उत्तरार्ध, अशा लयीत पाच दशके (माळेतील दहा-दहा मण्यांचे पाच गट) पुरी होतात. मे आणि ऑक्टोबर हे मरियामातेचे महिने असल्याने त्यांत वाडीतील क्रुसापाशी किंवा आळीपाळीने एकेका घरी माळ होते. गोव्यात प्रार्थना संपताच लहानांनी थोरांकडे ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागण्याची पद्धत आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेनंतर) लॅटिनची जागा मराठी मिस्साने (चर्चमधील मुख्य उपासनेने) घेतली; बऱ्याच घरांतील प्रार्थना मात्र त्याआधीही आपल्याच बोलीत होत असे, आणि चर्चमध्ये न कळणारे घरी कळत असे ते आजी आणि आई यांच्यामुळे.

मुंबईच्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला दिसणारे अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर नवसाने उभारले गेले. क्रुसाच्या वार्षिक सणाला लितानी (आळीपाळीने म्हणायची विनवणीची प्रार्थना) म्हणून झाल्यावर जमलेल्यांना उकडलेले चणे वाटतात. चणे आदल्या रात्री भिजत घालणे, क्रूस धुऊन पुसणे आणि त्याला झेंडूची माळ घालणे ही कामे आळीतील बायका वाटून घेतात.

उपासाचे नियम चर्च ठरवते, पण अंमलबजावणी स्वयंपाकघरात होते. जुन्या नियमानुसार ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचे नसे. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्ये उपासाची मर्यादा तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आली. रविवारी उपाशीपोटी पाणी भरून, मुलांना आंघोळी घालून, पहिल्या मिस्साला चालत जाणाऱ्या आणि परत येऊन चूल पेटवणाऱ्या बाईसाठी हा बदल किती मोठा होता, हे नियमांच्या इतिहासात लिहिलेले नसते. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या सुमारे चाळीस दिवसांत) राखेच्या बुधवारी म्हणजे त्याच्या पहिल्या दिवशी आणि उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला उपास असतो आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असते. घरात लहान मूल, म्हातारे आणि आजारी असे सगळे असल्याने उपास कोणी किती करायचा याचा निवाडा गृहिणीच करते.

वर्षाचे कॅलेंडरही असेच पदार्थांनी आखलेले असते. पावसाळ्यापूर्वी उन्हे कडक असताना ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ कॅथलिक घरांत मिरच्या आणि मसाल्याचे वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, वेगवेगळे भाजून, उखळात कुटले जातात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरले जातात. म्हणूनच त्याला बॉटल मसाला म्हणतात. वसईत पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्मदिनी नव्या पिकाला आशीर्वाद मिळतो. नाताळच्या आधी घरोघरी कलकल होतात : मैद्याची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत सरकवली की ती शिंपल्यासारखी वळते आणि तिच्यावर रेघा उमटतात, आणि या कामाला बसलेल्या मुलांना येशूजन्माची गोष्ट बहुधा पहिल्यांदा याच वेळी ऐकायला मिळते. नगर-सोलापूरकडच्या घरांत नाताळला करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे असा फराळ असतो. दिवाळीला शेजारून आलेले ताट नाताळला भरून परत जाते. धर्म बदलला तरी शेजार तुटला नाही, याचा हा सर्वांत साधा पुरावा होय.

या आचरणाची गौरवगाथा गाताना त्यातील ओझे विसरता कामा नये. वसईची सामवेदी स्त्री शेतात राबत आली, भाजी व फुले बाजारात विकत आली आणि घरही तिनेच ओढले. आज नोकरीसाठी विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या तिच्या नातीवर संध्याकाळची माळ आणि रात्रीचा स्वयंपाक दोन्ही तसेच उभे असतात. सोशिकता हा ख्रिस्ती स्त्रीचा अलंकार आहे अशी शिकवण कित्येकदा तिच्यावरील अन्याय झाकण्यासाठी वापरली गेली. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रौर्याच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, व्यभिचारही सोबत सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही विषमता अमान्य केली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. घर पवित्र मानणाऱ्या समाजाने या बदलासाठी आधी आवाज उठवायला हवा होता.

चर्चमधील स्थानाबाबतही चित्र सावकाश पालटले. महिला मंडळे आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी पाळला जाणारा जागतिक प्रार्थना दिन यांमुळे स्त्रियांना स्वतः उपासना चालवण्याचा सराव झाला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चने पुढे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया मिस्सात शास्त्रवाचन अनेक वर्षे करत होत्या, तरी वाचकाचे अधिकृत सेवापद त्यांच्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये खुले झाले.