आठवणींचं पुस्तक काढताय? हस्तलिखित आणण्याआधी एवढं वाचा

निवृत्ती, आईची पंचाहत्तरी किंवा बाबांचं पुण्यस्मरण, पुस्तकाचं निमित्त कोणतंही असो, आमच्या छापखान्यात पहिला प्रश्न ठरलेला: "किती पानं होतील आणि केवढ्यात पडेल?" डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा. सहा फर्म्यांच्या, म्हणजे ९६ पानांच्या पुस्तकाला फोटो धरून वीस-बावीस हजार शब्द पुरतात. दर कागदावर आणि प्रतींवर ठरतो, तो समोरासमोर सांगू. खरा वेळ जातो तो दुसरीकडेच.

बहुतेक हस्तलिखितं सेवापुस्तिकेसारखी असतात. अमुक साली रुजू, तमुक साली बदली, मग बढती. मधेमधे "बाबांनी हलाखीत दिवस काढले", "आईने फार कष्ट उपसले". हे सगळं खरंच असतं, पण वाचणाऱ्या नातवाला त्यातून काहीच दिसत नाही. मग टायपिंग होतं, पानं लागतात (मजकूर पानापानांत मांडला जातो), प्रूफ घरी जातं आणि ते वाचताना घरच्यांना खऱ्या गोष्टी आठवायला लागतात. ९६ पानांत पाच पानांची भर पडली की फर्म्याचं गणित मोडतं, अनुक्रमणिका बदलते, फोटो आपल्या मजकुरापासून दूर सरकतात आणि शेवटी उरलेल्या कोऱ्या पानांचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. कार्यक्रमाची तारीख हुकते ती इथे.

म्हणून टायपिंगआधी आम्ही पहिली दहा पानं वाचतो आणि समासात प्रश्न लिहून परत देतो. त्याचे पैसे घेत नाही. टाईप करायला दिलं तर एवढी चौकशी कशाला, असं काहींना वाटतं. एक उदाहरण बघा. "कापूस विकून बाबांनी माझी फी भरली." यावर आमचे प्रश्न असे: कापसाची बंडी (बैलगाडी) कोणत्या खरेदी केंद्रावर नेली? रांगेत किती रात्री काढल्या, डबा कोण पोचवायचं? ग्रेड कोणती लागली? चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी हाती आला? आणि तोवर फी कुठून भरली? शेवटच्या प्रश्नावर बहुधा गोष्ट निघते. कुणाकडून उसने आणले, मायने कोणता दागिना मोडला, मास्तरांनी किती दिवस थांबून घेतलं. तो प्रसंग दीड-दोन पानांत लिहा आणि "कष्ट" हा शब्द त्यात एकदाही येऊ देऊ नका.

अख्खं आयुष्य लिहायला बसू नका. ज्यानंतर घरात काहीतरी बदललं असे आठ-दहा प्रसंग निवडा. निवेदन प्रमाण मराठीत चालेल, पण बोलणं जसं होतं तसं ठेवा. माय "मले नाई पायजे" म्हणाली असेल तर तिच्या तोंडी "मला नको आहे" घालू नका.

स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. आबाजींच्या तरुणपणी तुम्ही तिथे नव्हता, तेव्हा त्यांच्या तोंडी संवाद रचण्यापेक्षा "आत्या सांगायची" असं लिहा. वाचणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो.

सालं पडताळाच. "१९७५ साली गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली" असं लिहून येतं, पण तो जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा निघाला १९८२ साली. वाशीम १९९८ चा, गोंदिया १९९९ चा. कापूस एकाधिकार खरेदी (शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा ही योजना) १९७२ पासूनची, त्याआधीच्या प्रसंगात ती आली तर जाणता कास्तकार तिथेच पुस्तक मिटतो. जमिनीच्या व्यवहाराचं साल फेरफारावर सापडतं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरात. त्यातली जन्मतारीख मात्र पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते, तेवढ्या एकाच नोंदीवर भिस्त ठेवू नका.

भाऊबंदकीच्या प्रसंगात नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा आणि घराची खूण तीच राहिली की गाव माणूस ओळखतंच. वाटणीचं भांडण पुस्तकाला खरंच लागत असेल तर ठेवा, पण छापण्याआधी ती पानं संबंधित माणसाला वाचायला द्या.

लिहिणं होत नसेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, एका वेळी अर्धा तास, हातात एखादा जुना फोटो. "तुमचं आयुष्य सांगा" म्हटलं की माणूस गप्प बसतो. "वावरातली विहीर खोदली तेव्हा कोण कोण होतं?" असं विचारा. रेकॉर्डिंग उतरवून, प्रसंग वेगळे करून देण्याचं कामही आमच्याकडे होतं.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो छपाईत फाटतात, म्हणजे धूसर दिसतात. मूळ फोटो घेऊन या, ३०० डीपीआयला स्कॅन करून तिथेच परत देतो.

पानं लागेपर्यंतच्या दुरुस्त्या मोफत, त्यानंतरच्या नव्या मजकुराला पानामागे वेगळा आकार पडतो. कार्यक्रमाच्या तीन महिने आधी हस्तलिखित द्या. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची घाई सुरू होते, तेव्हा हिवाळ्यातल्या कार्यक्रमाचं काम पोळ्याच्या आसपासच आणून टाका.